टाकी भरली की सांग

डिचोलीच्या बाजारामागे, खलीलच्या भंगारात
वजनावर मिळाला हा संगणक:
नऊ किलो दोनशे ग्रॅम, वर मूठभर स्क्रू फुकट.
रत्नमाला म्हणाली, घरात एक खुळा पुरे होता.

कारण साधं होतं. आमची टाकी भरून वाहते
आणि पाणी पडतं ते नेमकं पिएदादबायच्या अंगणात,
सुपांत वाळत घातलेल्या सोलांवर.
गेल्या एप्रिलात तीन सुपं भिजली.
ती भांडली नाही.
बुरशी आलेली मूठभर सोलं वाटीत घालून
आमच्या पायरीवर ठेवून गेली.
त्यापेक्षा भांडण परवडतं.

तर रविवारी, जेवण झाल्यावर,
बाल्कांवात जुना पेपर पसरून
मी त्याचं झाकण काढलं.
आत धूळ. पण घरातली, कापसासारखी धूळ नव्हे.
खाणीची.
पंख्याच्या पात्यांवर, रॅमच्या खाचांत, तारांच्या वेटोळ्यांत
थरावर थर.
वजनकाट्याच्या खोलीतला असणार हा,
जिथे ट्रक चढायचे, थांबायचे, उतरायचे.
खिडक्या रंगवताना वापरलेला अर्ध्या इंचाचा ब्रश
रॉकेलात बुडवून मऊ केला, वाळवला,
आणि तासभर झाडत बसलो.

बटण दाबलं. घरघरला.
आणि विचारू लागला, आज तारीख कोणती?
त्याचा स्वतःचा अंदाज: एक जानेवारी, दोन हजार दोन.
मी खरी तारीख घातली. बंद केला. चालू केला.
एक जानेवारी, दोन हजार दोन.
पुन्हा.
मला थोडा हेवाच वाटला.
त्या साली माझे गुडघे बरे होते,
रस्त्यावर ट्रकांची रांग मोडत नव्हती,
आणि दोरीवरचा पांढरा सदरा
संध्याकाळपर्यंत गुलाबी होत होता.
आतला बटणासारखा सेल मेला होता, एवढंच.
घड्याळवाल्या पेडणेकराने तीस रुपयांत दुसरा दिला.
मग त्याने आजचा दिवस मुकाट मान्य केला.

भिंतीने मात्र केला नाही.
चिरा म्हणजे ड्रिल घातलं की मऊ, मऊ,
आणि मग एकदम पोकळ.
पहिलं भोक चुकलं.
दुसरं नळाच्या पाइपाजवळून दोन बोटांवरून वाचलं.
तिसऱ्यातून फ्लोटची वायर आत आली.
चुकलेल्या भोकांवर रत्नमालाने कॅलेंडर टांगलं
आणि काही बोलली नाही, तेही टोचलं.

लादीवर चिऱ्याची भुकटी, पेपरवर खनिजाची.
दोन्ही लाल. बोटांत चोळून पाहिल्या.
चिऱ्याची नारिंगीकडे झुकते, फुंकरीने उडते.
दुसरी रेषांत बसते; दोन दिवस साबण लावला.
कुणी तिचे टनावर पैसे मोजले.
आम्ही झाडत होतो.

डिस्कवर एकच फाइल सापडली:
ट्रकचा नंबर, रिकामा, भरलेला, वेळ.
अठरा हजार ओळी.
शेवटच्या ओळीत रिकाम्याचं वजन आहे,
भरलेल्याचा रकाना कोरा.
आत गेला तो. बाहेर आल्याची नोंद नाही.
पुसायला बोट नेलं होतं, पण राहू दिली.
खाली दोन ओळी सोडून माझी नोंद सुरू केली:
टाकी, पातळी, वेळ.

मंगळवारी रात्री अडीचला यंत्र कोकललं.
टॉर्च घेऊन गच्चीवर धावलो.
टाकी अर्धी.
फ्लोटवर एक बेडूक, बढती मिळालेल्या साहेबासारखा बसलेला.
पलीकडे खिडकीत दिवा लागला.
‘भरली रे?’
‘ना गे, बेबो बसला!’
थोडा वेळ काहीच नाही.
मग काळोखात पिएदादबायचं हसू,
खोकल्यात अडकत, पुन्हा सुटत.

खाली येऊन नोंद केली:
दोन चौतीस. अर्धी. बेडूक.